भाऊजींची हाडे आणि वन्संचा गुडघा

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार. फ्रीगंज, उज्जैन. दिवाळीची पहिली आंघोळ. माजघरात हजर: थोरल्या वन्सं, पलंगावर, आमचे हे, दाराशी, हातात कढत पाण्याची बादली, मी, एका हातात तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात झारा, कारण आत कढईत चकल्या होत्या, आणि माझे धाकटे दीर, उंबऱ्याबाहेर पाटावर, उघडेबंब, थंडीने कुडकुडत आणि जागचे न हलण्याचा निश्चय करून बसलेले. ही हजेरी मी मुद्दाम आधी देते, कारण त्या सकाळी काय झाले हे पुढे जो तो आपापल्या परीने सांगत सुटला, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे लोक तिथे नव्हतेच.

झाले ते सांगायचे तर आधी हा माणूस सांगावा लागतो, आणि तो सांगायचा म्हटले की माझे डोके तापते. माझ्या धाकट्या दिरांइतका राग आणणारा माणूस जुन्या ग्वाल्हेर संस्थानात नव्हता, संस्थान मोडून मध्यभारत केला त्यात नव्हता, आणि त्या गुरुवारी मध्यभारतही मोडून जे नवे भलेमोठे राज्य झाले त्याच्या कुठल्याही कोपऱ्यात सापडेल असे मला वाटत नाही. मी घर चालवणारी बाई आहे. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आणि कुठले काम कुठल्या वारी, हे माझे ठरलेले असते. भाऊजींनी घरातली एक वस्तू जागेवर राहू दिली नाही. आणि त्यांच्यावर चिडावे तर ते आपल्याआधीच चिडलेले असत, त्यामुळे आपल्या रागाला घरात बसायला जागाच मिळत नसे.

भाऊजी इथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. जीवशास्त्रात बेडूक असतो, फुलपाखरू असते, जास्वंदीचे फूल असते. त्यांतले काही धरून बसले असते तर आम्ही सुखात राहिलो असतो. पण यांनी धरले हाड. हाड मेलेले नसते, ते जिवंत असते, एवढे एक वाक्य जगाला पटवण्यासाठी आपला जन्म झाला आहे अशी त्यांची समजूत होती, आणि जगाला ते पटत नाही म्हणून ते सदासर्वदा संतापलेले असत. एकदा लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणाले, "गोपाळराव आजारपणात नुसता हाडांचा सापळा झाले हो." यांचा घास हातातच राहिला. "नुसता? नुसता म्हणजे काय? तुम्ही आत्ता जिलबी उचललीत ती कशाच्या जोरावर? आणि उद्या ते हाड मोडलं तर ते आपलं आपण सांधून घेतं. तुमच्या बुडाखालचा पाट मोडला तर तो सांधून घेईल का आपला आपण?" त्या गृहस्थांनी जिलबी परत ताटात ठेवली. मुलीकडचे होते बिचारे. पुढे आम्हाला त्या घराण्यातून कुठल्याच कार्याचे बोलावणे आले नाही.

त्यांचे सांगणे मात्र असे की ऐकणारा नको नको म्हणत ऐकत बसे. हाडात तीन तऱ्हेचे कामकरी असतात, ते म्हणत. एक बांधणारा, एक पाडणारा आणि एक राहणारा. बांधणारा गवंडी आपल्या भोवती चुन्याची भिंत घालत जातो, इतका तन्मय होऊन की शेवटी आपणच त्या भिंतीत चिणला जातो. पण मरत नाही. तिथल्या तिथे बिऱ्हाड थाटतो, भिंतीतून केसाहून बारीक वाटा काढून शेजारच्या बिऱ्हाडकरूंशी हात मिळवतो आणि त्या भिंतीची देखभाल करत राहतो. पाडणारा असतो धिप्पाड, एकाच धडाला अनेक डोकी असावीत तसा. तो जुनी भिंत खात सुटतो आणि त्याच्या मागोमाग गवंडी येऊन नवी उभी करतो. "त्या दोघांचं जमलं तरच हाड धड राहतं, वहिनी. आता आपलं सरकार बघा. पाडणारे सगळे कामावर हजर आणि गवंडी रजेवर."

सरकारवरचा हा राग उगीच नव्हता. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या होत्या त्या संस्थानी अमदानीत विलायतेहून आणलेल्या. त्यांतल्या हाडाच्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या हाताळणीत फुटून गेल्या होत्या. नव्या मागवाव्यात म्हणून भाऊजींनी अर्ज केला. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. अर्ज ग्वाल्हेरला पोचेपर्यंत साहेब इंदूरला गेलेले असत, आणि मागोमाग इंदूरला पाठवावा तर थंडी सुरू होऊन साहेब परत ग्वाल्हेरला. असा तो अर्ज ऋतू बदलत हिंडत राहिला. शेवटी भाऊजी म्हणाले, "खड्ड्यात गेले. मी करतो."

हाडाची काचपट्टी कशी करतात हे मला माहीत नसते तर किती बरे झाले असते. आधी हाड आणायचे. त्यासाठी हा मराठी ब्राह्मणाचा मुलगा दर आठवड्याला खाटकाच्या दुकानासमोर, भैरवगढच्या छाप्याची पिशवी घेऊन, भर सकाळी रांगेत उभा. खाटीक भला माणूस होता. तो एकदा न राहवून म्हणाला, "मास्टर साब, गोश्त कभी लेते नहीं, बस हड्डी? घर में शोरबा बहुत पसंद है क्या?" हे वाक्य टॉवर चौकातून आमच्या गल्लीपर्यंत भाऊजींच्याही आधी येऊन पोचले. त्या सुमारास देवासचे एक स्थळ त्यांच्यासाठी अगदी ठरत आले होते. मुलीचे वडील चौकशीला म्हणून उज्जैनात उतरले आणि नेमके त्यांना हे महाशय पिशवीत बकरीच्या तंगड्या निवडून भरताना दिसले. ते आमच्या घरी चहालाही आले नाहीत. आम्ही भाऊजींना म्हटले, अहो, निदान जाऊन समजावून तरी सांगा. ते म्हणाले, "कशाला? ज्या माणसाला हाड आणि मटण यांतला फरक कळत नाही त्याच्या मुलीशी मी बोलू काय?"

मग ते हाड उकळायचे. कशात, तर माझ्या आधणाच्या पातेल्यात. मग करवतीने त्याची चकती कापायची, आणि मग ती चकती पाण्याने दगडावर घासायची. घासायची म्हणजे अशी की कागदाहून पातळ झाली पाहिजे. जरा जोर जास्त झाला की तुकडे आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काम अखंड चाले. खिशात एक लहानसा दगड आणि एक चकती ठेवलेलीच असे. लोक तंबाखू मळतात तसे हे बोलता बोलता हाड घासत. कीर्तनाला बसले की घासत, न्हाव्यापुढे बसले की घासत, कुणाच्या समाचाराला गेले तरी घासत, आणि तेवढी एक जागा मला खरोखर सहन होत नसे. चकती पुरेशी पातळ झाली की नाही हे बघायला ती वर्तमानपत्रावर ठेवत. आरपार अक्षरे दिसली की झाले. पण अक्षरे दिसली म्हणजे वाचली जाणार, आणि वाचली म्हणजे अग्रलेखावर चिडणार. त्या चिडण्यात हात हलून किती चकत्या फुटल्या त्याला गणती नाही.

आता सहाणेचे सांगते. इथून पुढे माझा राग जरा वेगळ्या जातीचा आहे.

थोरल्या वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लहान वयात कुंकू पुसले गेले आणि माहेरी परत आल्या. तेव्हा घरात आई नुकतीच गेलेली, आणि भाऊजी अंगावर पिणारे मूल. वन्संनी बोंडल्याने दूध पाजून त्यांना वाढवले. भाऊजींचे पहिले पाऊल, पहिला गोवर, पहिली शाळा, सगळे वन्संच्या कडेवर. भाऊजी त्यांना जिजी म्हणत. वन्संचे सोवळे कडक, जीभ त्याहून कडक, पण पानात तुपाची धार कुणाच्या भातावर जास्त पडते हे मी रोज बघत होते.

भाऊजींचा घासायचा दगड झिजला. चांगला सपाट, एकसारख्या पोताचा दगड त्यांना कुठे मिळेना. आणि देवघरात तर चंदन उगाळायची सहाण होती, तीन पिढ्या उगाळून गुळगुळीत झालेली. पूजा आटोपून वन्सं पोथी वाचायला बसल्या की हे हळूच सहाण उचलत, आपले काम करत, धुऊन जागच्या जागी ठेवत. असे किती महिने चालले होते देव जाणे. आम्हाला एवढेच दिसत होते की गंध खरखरीत लागते. वन्संचा संशय चंदनवाल्यावर. महाकाळाजवळच्या त्या दुकानदाराला त्यांनी शिव्या घालून घालून लाकूड बदलून घेतले, पुन्हा बदलून घेतले, गंध खरखरीतच.

मग श्रावणात सत्यनारायण झाला. उज्जैनातली झाडून सगळी मराठी घरे आली होती: जुन्या दरबारी घराण्यांतली, रेल्वेतली, बँकेतली, शाळेतली. सगळ्यांच्या कपाळी गंध लागले. आणि वन्संनी चार लोकांत उभे करायचे म्हणून चंदनवाल्यालाही प्रसादाला बोलावले होते.

"ये देखो शेठजी, उंगली लगाके देखो. ये चंदन है के रेती?"

"माताजी, महाकाल की सौगंध। लकड़ी में खोट हो तो मेरी दुकान जल जाए।"

"सौगंध मत खाओ! इतके दिवस देवाला रेती लावून राहिले आम्ही, तुमच्यामुळे!"

तो म्हातारा दुकानदार हात जोडून उभा. कोपऱ्यात बसलेल्या भाऊजींचा चेहरा लाल होत चालला होता. अन्याय त्यांना सोसत नाही. त्या क्षणी सोसला असता तर काय बिघडले असते? पण नाही. ते ताडकन उठले. "जिजी, त्याला एक अक्षर बोलू नकोस. त्याचं चंदन चोख आहे. ती भुकटी हाडाची आहे."

वन्सं म्हणाल्या, "कशाची?"

"हाडाची. बकरीच्या मांडीच्या. पूजा झाली की सहाण मी घेत होतो. पण धुऊन ठेवत होतो, नीट धुऊन." आणि मंडळींना धीर यावा म्हणून वर पुस्ती जोडली, "घाबरू नका, उकळलेलं असतं."

आमच्या अंगणातल्या एका नळावर त्यानंतर जी झुंबड उडाली तशी मी फक्त सिंहस्थात रामघाटावर पाहिली आहे. लोक कपाळे घासत होते. एका बाईंनी राख मागितली. प्रसादाचा शिरा परातभर तसाच राहिला, तो पुढे तीन दिवस मी एकटीने संपवला, कारण शिरा टाकायचा नसतो आणि शिऱ्यात हाड नव्हते.

वन्सं ओरडल्या नाहीत, तिथेच मला भीती वाटली. त्यांनी घर शुद्ध करवून घेतले, सहाण क्षिप्रेत सोडली, आणि यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितले, "त्याचं पान बाहेरच्या खोलीत वाढत जा. माझ्या हातचं त्याला नाही आणि त्याच्या हातचं मला पाणीही नको." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. भाऊजींनी माफी मागितली असती तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी वादच घातला. "मेलेलं म्हणून विटाळ म्हणतेस ना? तुझ्या अंगात दोनशे सहा आहेत. सोवळं नेसतेस ते कशाच्या आधारावर नेसतेस?" वन्संनी दार लावून घेतले.

त्या दुपारी मी भाऊजींना इतके बोलले की माझा मलाच दम लागला. ते म्हणाले, "वहिनी, टांगा बोलावतो. एकदा चला, डोळ्यांनी बघा, आणि मग उरलेल्या शिव्या द्या." मी कॉलेजात गेले. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. आत पांढरट उजेडात गोलात गोल, कांदा आडवा चिरावा तशी वर्तुळे, आणि प्रत्येक वर्तुळावर कोळ्यासारखे काळे ठिपके. ठिपक्यांना बारीक बारीक पाय, आणि प्रत्येकाचे पाय पलीकडच्याच्या पायांना जाऊन भिडलेले. सगळ्यांच्या मधोमध एक भोक, त्यातून रक्ताची वाहिनी जाते. मला एकच सुचले. सगळ्या खोल्यांच्या वाटा मधल्या विहिरीशी येतात असे घर मला कुणी बांधून दिले असते तर माझ्या निम्म्या खेपा वाचल्या असत्या. मी तसे म्हटलेसुद्धा. भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला आणखीच राग आला. मी विचारले, "हे काळे ठिपके म्हणजेच तुमचे बिऱ्हाडकरू?" ते म्हणाले, "नाही. त्यांच्या खोल्या. हाड वाळलं की ते जातात. खोलीत हवा भरते, म्हणून काळी दिसते." मग त्यांनी दुसरी पट्टी लावली. ही कूर्चेची. कानाच्या पाळीच्या वर, नाकाच्या शेंड्याला, सांध्यात हाडांच्या टोकांवर जे लवचीक असते ते. ती दिसायला ओल्या काचेसारखी, तिच्यात दोन दोन पेशी एका खोलीत दाटीने बसलेल्या. वाटा नाहीत, विहीर नाही. "हिला रक्त पोचत नाही," ते म्हणाले, "हिचा संसार फार अवघड असतो." मी उरलेल्या शिव्या दिल्या आणि घरी आले.

दोन वर्षे घर असे चालले. एका छपराखाली बहीणभाऊ, मध्ये मी. "त्याला सांग, ओला टॉवेल दोरीवर टाकायला." "जिजीला सांगा, टाकलाय." दोघे एकाच खोलीत, दोघांना एकमेकांचे शब्द न् शब्द ऐकू येतात, आणि तरी मी सांगायचे. मला दुसरी कामे नव्हती काय?

छप्पनच्या श्रावणात रामघाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून वन्सं घसरल्या आणि गुडघ्याच्या खालचे हाड मोडले. निरोप आला तसे भाऊजी वर्ग सोडून धावले, माझ्याआधी पोचले. मी गेले तेव्हा वन्सं पायरीवर पडलेल्या, वेदनेने तोंड पांढरे, आणि भाऊजी दोन हात पुढे करून उभे. "हात लावू नकोस," वन्सं म्हणाल्या. तेवढेच, दोन वर्षांनी थेट त्यांच्याशी बोललेले पहिले वाक्य. शेवटी टांगेवाला पुढे झाला, "माँजी, मैं उठा लूँ?" त्याला त्यांनी मान हलवली. त्याने उचलून टांग्यात घातले. टांगा चालू लागला आणि हा कॉलेजातला मास्तर पावसात टांग्याच्या बाजूने छत्री धरून सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेला, छत्री वन्संच्या पायावर, स्वतः नखशिखान्त भिजलेला. मला त्या वेळी वन्संचा जो संताप आला तो त्यांचे वय, त्यांचे वैधव्य, त्यांचे दुखणे, कशानेच कमी झाला नाही.

प्लास्टर निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हड्डी बढ़िया जुड़ गई, माताजी। अब घुटना मोड़िए।" पण गुडघा आखडून लाकूड झालेला. वाकवला की कळ मस्तकात जाई. वन्संनी जाहीर केले की आपले आता झाले, आपण पडूनच राहणार. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आणखी काही आठवडे असेच काढले तर या बाई पुन्हा उभ्या राहणार नाहीत. मी समजावले, यांनी समजावले. वन्सं भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मग भाऊजी रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभे राहून आत बघत व्याख्यान देऊ लागले, वर्गात देतात तसे खणखणीत आवाजात. "गवंड्यांनी आपलं काम केलंय जिजी, हाड सांधलंय. आता प्रश्न कूर्चेचा आहे. तिला रक्तवाहिनी नाही. तिच्याकडे ताट घेऊन कुणी येत नाही. गुडघा वाकला की ती दाबली जाते, सैल सोडला की सांध्यातला रस शोषून घेते. तेवढंच तिचं जेवण. तू निजून राहिलीस की ती उपाशी. उपासाची हौस तुला आहे, तिला नाही."

वन्सं मला म्हणत, "त्याला सांग, माझ्या गुडघ्याची काळजी माझा देव करील."

"जिजीला सांगा, देवाने सांधा दिलाय तो वाकवायला. वाकवायचा नसता तर सरळ बांबू दिला असता."

असे करत दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला उजाडायच्या आत जो न्हात नाही तो नरकात जातो, ही वन्संची पक्की श्रद्धा. भाऊजी बाळ होते तेव्हापासून त्या दिवशी त्यांच्या डोक्यावरचे पहिले तेल वन्संच्या हातचे. भांडणानंतरच्या दोन दिवाळ्या ते मी लावले होते, आणि वन्सं तेवढा वेळ देवघरात जाऊन बसल्या होत्या. या वर्षी मी वाटी घेऊन गेले तर भाऊजी माजघराच्या उंबऱ्याबाहेर पाट मांडून बसलेले. "वाटी बाजूला ठेवा, वहिनी. जिजीचा गुडघा वाकला तर मी आंघोळ करणार. नाहीतर नाही."

"अहो, उजाडत आलं."

"उजाडू द्या."

आतून आवाज आला, "त्याला सांग, नरकात जाशील."

"जिजीला सांगा, जातो. तिथे निदान हाडं भरपूर बघायला मिळतील."

"अरे, बघत काय उभा राहिलास?" वन्सं यांच्यावर ओरडल्या, "ओत ती बादली त्याच्या डोक्यावर!" आमचे हे कचेरीतले माणूस. ते म्हणाले, "जिजी, तेल लावल्याशिवाय पाणी ओतलं तर ती आंघोळ धरत नाहीत." आणि बादली घेऊन तसेच उभे राहिले. बाहेर फटाके वाजत होते. शेजारच्या रेडिओवर नव्या राज्याच्या बातम्या चालल्या होत्या, कोण मुख्य, कोण मंत्री. खिडकीतले आकाश राखाडी झाले. भाऊजींचे दात वाजत होते, पण मान ताठ. वन्सं एकदा खिडकीकडे बघत, एकदा पाटाकडे. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, स्तोत्र म्हणत होत्या की शिव्या देत होत्या ते कळले नाही.

खिडकीच्या गजांवर तांबूस उजेड आला आणि वन्सं कडाडल्या, "मेल्या, आईच्या माघारी हेच दिवस बघायला वाढवला का रे तुला?" आणि दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून त्या खाली सरकल्या. मी धावले. त्यांनी मला कोपराने ढकलले. जमिनीवर घसटत त्या उंबऱ्यापाशी गेल्या, माझ्या हातातली वाटी हिसकली, आणि पाटाच्या मागे बसायचे म्हणून त्यांनी तो पाय जवळ ओढला. कट्ट असा आवाज मी ऐकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होते आणि त्या भाऊजींच्या टाळूवर तेलाचे तळहात मारत होत्या, तेल लावत होत्या की बडवत होत्या ते सांगता येणार नाही. भाऊजींनी मान वळवून खाली पाहिले. "वाकला! वहिनी, बघा, वाकला!"

"हलू नकोस," वन्सं म्हणाल्या. "तेल डोळ्यात जाईल."

आमचे हे बादली खाली ठेवून भिंतीकडे बघत राहिले. माझ्या चकल्यांचा कोळसा झाला. त्याचा राग मला अजून आहे, कारण घाणा मोठा होता.

वन्संनी नंतर पुन्हा आंघोळ केली, सोवळे नेसले, सगळे रीतसर केले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलंगावरून हाक मारली, आणि ती मला नव्हती. त्या थंडीत रोज भाऊजी त्यांचे कोपर धरून त्यांना चालवत, आधी माजघरात, मग ओसरीवर, मग अंगणात. रोज भांडण होई. "सावकाश! बैल हाकून राहिलास काय?" "सावकाश नाही, सारखं. टाच आधी टेक." वन्संच्या तोंडी नवेच शब्द येऊ लागले. एक दिवस दूधवाली गुडघ्याला हात लावून कण्हत बसली तर वन्सं तिला ऐकवत होत्या, "बैठी मत रहो. भूखी मर जाएगी वो अंदर की. और हड्डी को सूखी लकड़ी मत समझो, जिंदा रहती है."

उन्हाळ्यात हुकूम आला. नव्या राज्यात चारी बाजूंच्या कॉलेजांतले मास्तर एका कढईत ओतून ढवळले होते. भाऊजी पडले रायगडात, पार पूर्वेला, ओरिसाच्या हद्दीशी. मी कचेरीला, मंत्र्यांना, नकाशा काढणाऱ्याला, सगळ्यांना मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही. वन्सं तेव्हा अंगणात काठीशिवाय चालत होत्या. उरला होता फक्त गच्चीचा जिना. तो भाऊजींनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, पाय पुरता भरला की मग. वन्संना गच्ची हवी होती, कारण तिथून महाकाळाचे शिखर दिसते आणि घरातून देवदर्शन होते. टांगा दाराशी आला तेव्हा भाऊजी मला म्हणाले, "जिन्याची घाई करू नका. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा आधी खाली. कोपराखाली हात, ओढायचं नाही. बस, एवढंच आहे, वहिनी, तुम्हाला सहज जमेल." वन्सं ओसरीपर्यंत चालत आल्या, त्यांच्या हातावर दही घातले, आणि टांगा वळण्याच्या आधीच आत निघून गेल्या.

मला जमेल यात शंका नाही. यापेक्षा अवघड कामे मी रोज करते. कामांच्या यादीत मी ते लगेच लिहूनही टाकले. पण मी कोपराखाली हात घातला की वन्सं तो झटकतात.

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"चांगला पाय आधी वर, दुखरा आधी खाली. मला सांगून गेलेत ते."

"सांगितलं असेल. धरायचं कसं ते तुला कुठं ठाऊक."

दिवाळीला या म्हणून आम्ही कळवले आहे. रायगडच्या कॉलेजात एकही काचपट्टी नाही, तेव्हा सुटीत काम काढले आहे, बघतो, असे उत्तर आले. मी चिडले. वन्सं चिडल्या नाहीत. दुपारची जेवणे उरकली की त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसतात, गुडघा वाकवतात, सरळ करतात, पुन्हा वाकवतात, आणि वर बघतात. मी वाळवण घेऊन त्यांच्या बाजूने वर जाते, खाली येते. येताना दर वेळी हात पुढे करते. जिना अजून राहिला आहे.